मेंदूतील दृष्टिक्षेत्रे

डोळ्यांकडून आलेल्या संदेशांचे दृश्य बनते ते मेंदूच्या मागच्या, पश्चकपाल खंडात. दोन्ही गोलार्ध एकमेकांना टेकतात त्या आतल्या बाजूला कॅल्करीन नावाची आडवी खाच असते. तिच्या आत आणि दोन्ही काठांवर प्राथमिक दृष्टिक्षेत्र (व्ही-१) पसरलेले असते. येथील करडा थर जेमतेम २ मिलिमीटर जाडीचा. १७७६ साली फ्रान्चेस्को जेन्नारी या इटालियन वैद्यक विद्यार्थ्याला कापलेल्या मेंदूत या थराच्या मधोमध पांढरी रेघ दिसली. ती नुसत्या डोळ्यांनी दिसते, आणि ती संपते तिथेच व्ही-१ ची हद्द संपते. रचना आणि कार्य यांचा इतका नेमका मेळ मेंदूत क्वचितच सापडतो.

नाकाकडच्या अर्ध्या दृष्टिपटलाचे तंतू वाटेत बाजू बदलतात, म्हणून समोरची डावी बाजू उजव्या गोलार्धात उमटते. चित्र उलटेही असते: खाचेच्या वरच्या काठावर खालचे दृश्य, खालच्या काठावर वरचे. नजरेचा मध्यबिंदू अगदी मागच्या टोकाला असून त्याने क्षेत्राचा मोठा हिस्सा व्यापलेला असतो. रशिया-जपान युद्धात डोक्यात गोळी लागलेल्या सैनिकांना तपासून जपानी नेत्रतज्ज्ञ तात्सुजी इनोउये यांनी हा नकाशा १९०९ मध्ये मांडला.

पुढच्या क्षेत्रांच्या हद्दी मात्र वळ्यांवरून ओळखता येत नाहीत. रंगाशी निगडित व्ही-४ आणि हालचाल टिपणारे व्ही-५ यांची जागा माणसागणिक थोडी सरकते. जिवंत माणसात ती कार्यदर्शी एमआरआयने (मेंदू काम करत असताना त्याचे चित्र घेणाऱ्या तपासणीने) निश्चित करतात.

उजव्या पश्चकपाल खंडाला इजा झालेला बेळगाव, खानापूर, निपाणी भागातला रुग्णही इतर ठिकाणच्यासारखेच सांगतो, ‘डावा डोळा गेला’. मग चष्म्याचा नंबर बदलला जातो आणि मेंदूतला झटका दुर्लक्षित राहतो. खरे तर दोन्ही डोळ्यांची डावी बाजू गेलेली असते. तपासणी सोपी आहे. रुग्णासमोर साधारण १ मीटरवर बसावे, त्याचा एक डोळा झाकावा, त्याला आपल्या नाकाकडे पाहत राहायला सांगावे आणि चारही कोपऱ्यांत एक किंवा दोन बोटे दाखवावीत. नंतर दुसरा डोळा. नजर बोटांकडे वळली तर उत्तर धरू नये. घाईत हीच चूक सर्वाधिक होते. दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूचा दोष निघाला तर बिघाड तंतू बाजू बदलतात त्या फुलीच्या मागे आहे. दोष अचानक आला असेल तर त्याच दिवशी, लगेच रुग्णालय गाठावे.

जेवणाचे ताटही बरेच सांगते. फक्त दृष्टीची बाजू गेलेला माणूस मान वळवून डावीकडची चटणी-कोशिंबीर शोधतो. उजव्या पार्श्विक खंडाला इजा झालेल्याचे त्या बाजूकडे लक्षच जात नाही, आणि ती तशीच उरते.

डाव्या पश्चकपाल खंडासोबत दोन गोलार्धांना जोडणाऱ्या पट्ट्याचा मागचा भागही निकामी झाला, तर लिहिता येते पण वाचता येत नाही. सीमाभागात मराठी आणि कन्नड दोन्ही वाचणारे पुष्कळ, म्हणून दोन्ही लिप्या तपासाव्यात. रुग्णाला स्वतःचे नाव व एक वाक्य लिहायला लावावे आणि दहा मिनिटांनी तोच कागद पुढे धरावा. स्वतःचेच अक्षर त्याला वाचता येत नाही. बोटाने गिरवले की पुष्कळदा ओळखू येते.