नाइटिंगेलची शपथ आणि पीपीई किट

कोविडमध्ये एक वाक्य फार फिरलं, अजूनही फिरतं: 'नर्सनी नाइटिंगेलची शपथ घेतलीय, किट नसलं तरी ड्युटी नाकारता येत नाही.' मुळात ती शपथ आधुनिक नर्सिंगचा पाया घालणाऱ्या फ्लोरेन्स नाइटिंगेलबाईंनी लिहिलेलीच नाही. १८९३ मध्ये डेट्रॉइटला लिस्ट्रा ग्रेटर यांच्या समितीने ती रचली. तिच्यात रुग्णाचं गुपित राखणं आहे, अपायकारक औषध न देणं आहे; विनासंरक्षण जीव धोक्यात घालण्याचं कलम नाही. उलट अमेरिकी नर्सेसच्या आचारसंहितेत स्वतःप्रतीही कर्तव्य सांगितलंय. खरा पेच वेगळाच. आयसीयूत ऑक्सिजन घसरल्याचा अलार्म वाजतोय आणि सिस्टर बाहेर अजून किट चढवतेय. तशीच धावली, तर संसर्ग तिच्यामार्फत पुढच्या खाटेपर्यंत, तिच्या घरापर्यंतही जाऊ शकतो. थांबली, तर आत रुग्ण तडफडतो. आणि किटच संपलं असेल, तर जाब साठा ठेवणाऱ्यांना विचारायचा, तिला नव्हे.