जुन्या ट्रकची डिझेल सिस्टीम साफ करणे

टाकीत पाणी, गंज, गाळ नाहीतर भेसळीचं डिझेल गेलं की टाकीपासून नोझलपर्यंत (इंजिनात डिझेल फवारणारं तोंड) डिझेलचा सगळा रस्ता खोलायचा, धुवायचा, परत जोडायचा आणि आतली हवा काढायची, असं हे काम आहे. इथे जुना ट्रक म्हणजे टाटा १२१०, १६१३ ची जुनी मॉडेलं, लेलँडची कॉमेट, अशा मेकॅनिकल पंपाच्या गाड्या, ज्यांच्यात कॉम्प्युटर नाही आणि बिघाड दाखवणारा दिवाही नाही, सगळं कानाने आणि हाताने ओळखायचं. वाळू, विटा, ऊस, पाण्याचे टँकर यात या गाड्या अजून भरपूर दिसतात.

नोझलला दाबाने डिझेल पाठवणारा पंप बहुतेक मायकोचा असतो. असले पंप बॉशने जर्मनीत १९२७ साली मोठ्या प्रमाणात बनवायला घेतले, आपल्याकडे मायको कंपनी १९५१ मध्ये बेंगळुरूत सुरू झाली, २००८ मध्ये तिचं नाव बॉश लिमिटेड झालं, पण गॅरेजमध्ये अजून मायको पंपच म्हणतात. या पंपाच्या एलिमेंटमध्ये प्लंजर (वरखाली होणारा दांडा) आणि बॅरल (तो ज्यात सरकतो ती नळी) यांच्यातली फट फक्त २ ते ४ मायक्रॉन असते, माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे डोळ्याला न दिसणारा कणसुद्धा तिथे ओरखडा पाडू शकतो. वर या भागाला वंगण डिझेलचंच मिळतं. पाण्याला ती चिकटाई नाही, त्यामुळे पाणी पंपात गेलं की प्लंजर घासतो, गंजतो, शेवटी जाम होतो.

पाणी येतं कुठून हा प्रश्न नेहमी असतो. पेट्रोल पंपावरूनच येऊ शकतं, टाकीच्या झाकणाचा रबर फाटलेला असेल तर पावसात आत जातं, पण सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते अर्ध्या रिकाम्या टाकीकडे. रात्री पत्रा थंड झाला की आतल्या हवेतली वाफ थेंब होऊन खाली उतरते. उसाच्या गाड्या बघा, हंगाम संपला की त्या कित्येक महिने उभ्या, सगळा पावसाळा अंगावर, टाकीत थोडंसं डिझेल, आणि दिवाळीच्या सुमारास कारखाना सुरू झाला की तीच गाडी थेट फडात! पाणी जड म्हणून तळाला बसतं, तिथे पत्रा गंजतो, आणि पाणी-डिझेल जिथे भेटतात तिथे बुरशी आणि जंतू वाढतात. त्यांचा काळपट बुळबुळीत थर फिल्टरला चिकटला की फिल्टर दोन दिवसही टिकत नाही. बायोडिझेलचं प्रमाण जास्त असेल तर ते पाणी जास्त धरतं आणि टाकीत वर्षानुवर्षं बसलेला गाळ सोडवतं, म्हणून असं डिझेल पहिल्यांदा भरल्यावर फिल्टर पटापट चोक होतात.

भेसळीची गोष्ट वेगळी आणि जास्त वाईट. रॉकेल पातळ असतं, ते मिसळलं की पंपाचं वंगण कमी होतं. हा धंदा किती भयंकर आहे हे महाराष्ट्राने २५ जानेवारी २०११ ला पाहिलं, मनमाडजवळ मालेगावचे अप्पर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेल भेसळ करणाऱ्यांनी जिवंत जाळलं. पेट्रोल पंपावर डेन्सिटी, म्हणजे डिझेलची घनता, बघायला मागणं हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे आणि ड्रायव्हरने तो बिनधास्त वापरावा.

लक्षणं ओळखीची आहेत. घाटात पिकअप जातो, इंजिन मिसिंग मारतं (मध्येच ठोके चुकवतं), सकाळी स्टार्ट व्हायला त्रास, पांढरा नाहीतर काळा धूर. गाडी थोडी चालून बंद पडते आणि जरा वेळ उभी केली की परत चालू होते, असं झालं तर पहिला संशय टाकीवर घ्यायचा, कारण कचरा सक्शन पाईपच्या तोंडाशी ओढला जातो आणि इंजिन बंद झालं की खाली बसतो. अशा वेळी फिल्टर बदलून गाडी सोडून देणं ही सर्रास चालणारी चूक आहे, आणि पंप उतरवून कॅलिब्रेशनला (डिझेलचं माप बसवायला) पाठवणं ही त्याहून महागडी, कारण टाकी घाण असेल तर दुरुस्त केलेला पंप परत त्याच घाणीवर बसतो.

म्हणून काम टाकीपासून, डिझेल ज्या दिशेने जातं त्याच दिशेने. ड्रेन प्लग काढून सगळं डिझेल खाली घ्यायचं, थोडं काचेच्या बाटलीत ठेवायचं, तासाभरात पाणी आणि गाळ तळाला दिसतो. गाळ जास्त असेल तर टाकी उतरवावीच लागते, फ्लोट (डिझेलची पातळी दाखवणारा तरंगता भाग) आणि सक्शन पाईप काढून त्याची जाळी बघायची, आत स्वच्छ डिझेल घालून हलवून हलवून धुवायचं, जोपर्यंत बाहेर येणारं डिझेल स्वच्छ दिसत नाही तोपर्यंत, आणि शेवटी पूर्ण सुकवायची. पेट्रोलने धुऊ नये. आणि रिकामी दिसणारी टाकी पाण्याच्या वाफेने धुतल्याशिवाय वेल्डिंगला नेणं म्हणजे जिवाशी खेळ आहे, आत राहिलेली डिझेलची वाफ पेट घेऊन टाकी फुटते, माणसं जातात.

मग लायनी, म्हणजे डिझेलचे पाईप, दोन्ही टोकं सोडवून हवेने फुंकायच्या, उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारी रिटर्न लाईनसुद्धा, ती बहुतेक जण विसरतात. फिडपंपाची (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) जाळी धुवायची, फिल्टरचे बाउल साफ करून दोन्ही फिल्टर एलिमेंट आणि वॉशर नवीन टाकायचे. पुसायला कॉटन वेस्ट नको, त्याचे तंतू आत राहतात, तंतू न सुटणारं स्वच्छ कापड घ्यावं. उघडी तोंडं लगेच झाकायची.

हवा काढताना क्रम पाळावा लागतो. फिडपंपावरचा हातपंप मारत आधी फिल्टरचा हवा काढायचा स्क्रू ढिला करायचा, बुडबुडे थांबले की बंद, मग मायको पंपाचा स्क्रू, शेवटी नोझलकडचे नट ढिले करून स्टार्टर मारायचा आणि डिझेल आलं की आवळायचे. त्यानंतरही मिसिंग राहिलं तरच नोझल काढून टेस्टरवर बघायचे. साधारण २०० बारला फवारा सुटतो, तो धुक्यासारखा बारीक पाहिजे, थेंब गळायला नको. टोक पितळी ब्रशने साफ करतात, पोलादी ब्रशने नाही. त्या फवाऱ्यासमोर हात कधीच धरू नये, डिझेल कातडीतून आत शिरतं, वरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं आणि आतून हात सडतो, लागलं तर ताबडतोब हॉस्पिटल. पंप मात्र रस्त्यावर खोलायचा नाही, ते टेस्ट बेंच असलेल्या पंपाच्या मिस्त्रीचंच काम.

पुरात बुडालेल्या गाडीला, २०१९ ला सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ ला चिपळूणला अशा कितीतरी निघाल्या, आधी स्टार्टर मारायचाच नाही, टाकी, फिल्टर आणि इंजिन ऑईल सगळं काढून बघायचं.

काढलेला गाळ आणि खराब डिझेल नाल्यात ओतू नये, २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली तेलाचा गाळ येतो, झाकणाच्या ड्रममध्ये साठवून परवानाधारक उचलणाऱ्याकडे द्यावा.