घड्याळ कोणाकडे? संगणक बैठकीच्या खोलीत कसा आला

ख्यालाच्या सीडीवर विलंबित आणि द्रुत असे दोन ट्रॅक असतात, पण गाणं मध्ये थांबत नाही. विलंबितातली शेवटची तान समेवर येते, तबला लय वाढवतो आणि त्याच ओघात द्रुत बंदिशीचा मुखडा उचलला जातो. सीडी प्लेअरवर हे सलग ऐकू येतं, कारण ट्रॅकची खूण ही नुसती खूण असते. २००० च्या आसपास ज्यांनी आपल्या सीडी संगणकावर चढवल्या, त्यांना पहिला धक्का इथेच बसला. मुखड्याच्या ऐन तोंडाशी क्षणभर शांतता! डिजिटल आवाज म्हणजे दर क्षणी घेतलेल्या मोजमापांची, म्हणजे नमुन्यांची, रांग. एमपी३ त्या आवाजाचे ११५२ नमुन्यांचे तुकडे करतं. शेवटचा तुकडा पुरता भरला नाही, तर उरलेल्या जागेत शून्यं जातात आणि सुरुवातीलाही थोडी भर पडते. सुट्या गाण्यांना त्याचं काही वाटत नाही. मैफलीचा जीव मात्र त्या सांध्यातच असतो.

आज चांगला म्युझिक सर्व्हर, म्हणजे संगीताचा साठा ठेवून तो वाजवायला देणारा संगणक, विकत घेणारा किंवा घरी जुळवणारा माणूस पंखा नको म्हणतो, यूएसबी घ्यावं की नेटवर्क यावर डोकं खाजवतो, डॅकवर, म्हणजे आकड्यांचा पुन्हा आवाज करणाऱ्या उपकरणावर, सर्वात जास्त पैसे घालतो. ही सगळी त्याच काळातल्या अडचणींची उत्तरं आहेत.

सोनी आणि फिलिप्स यांची सीडी १९८२ मध्ये बाजारात आली. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटचा. पण ती आखली गेली ती ऐकण्यासाठी. पुढे त्याच चकतीवर संगणकाची माहिती ठेवायची वेळ आली, तेव्हा २३५२ बाइटच्या प्रत्येक भागातले २०४८ बाइटच माहितीला दिले गेले आणि उरलेल्यातला बराचसा भाग चुका दुरुस्त करायला राखला. संगीताच्या सीडीत ही जास्तीची सोय नाही. ओरखडा फार खोल असला, की प्लेअर आजूबाजूच्या नमुन्यांवरून अंदाज बांधतो आणि पुढे जातो. ऐकताना ते चालून जातं, पण कायमची प्रत करताना तो अंदाजही प्रतीत कायमचा बसतो.

म्हणून आंद्रे विटहॉफ या जर्मन विद्यार्थ्याने १९९८ मध्ये केलेल्या ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’चं मोल मला फार मोठं वाटतं. हा प्रोग्राम प्रत्येक भाग दोनदा वाचतो. दोन्ही वाचनं जुळली नाहीत तर पुन्हा पुन्हा वाचतो, अगदी ८२ वेळांपर्यंत. भूपाच्या एका जुन्या सीडीवर, चौथ्या मिनिटाशी, काम किती झालं ते दाखवणारी पडद्यावरची पट्टी अडून बसलेली मी पाहिली आहे. ड्राइव्हची घरघर वाढायची, मंदावायची, पुन्हा वाढायची. चाळीस मिनिटांनी ती पुढे सरकली, आणि चूक शून्य असल्याची नोंद आली.

ही नेमकी प्रत ठेवायची कशात, याचं उत्तर जॉश कोलसनने दिलं. त्याच्या फ्लॅक या फाइल-प्रकाराची पहिली पक्की आवृत्ती २००१ च्या जुलैमध्ये निघाली. एकही बिट न गमावता फाइल साधारण निम्मी होते, आणि नमुन्यांची संख्या जशीच्या तशी राहत असल्याने द्रुताच्या तोंडाशी शून्यंही येत नाहीत.

फाइल बरोबर झाली, तरी आवाज बरोबर होईना. विंडोज एक्सपी सगळे आवाज एका मिक्सरमधून काढत असे आणि वाटेत नमुन्यांचा वेगच बदलून टाकत असे. ते टाळायला एएसआयओ ही मिक्सरला वळसा घालणारी, स्टुडिओसाठी बनवलेली वाट वापरावी लागे. पण खरी गोम नमुन्यांची वेळ ठरवणाऱ्या घड्याळात होती. प्रत्येक नमुना आपल्या ठरल्या क्षणीच डॅकपाशी पोचला पाहिजे. तो जरा मागेपुढे झाला, की त्याला जिटर म्हणतात. बोल सगळे बरोबर, पण लय हलती, असा तो प्रकार. आणि घरगुती संगणक ज्या पेटीत असतो, तिथे स्विचिंग पॉवर सप्लाय, पंखा, फिरती डिस्क आणि शेकडो कामं करणारा प्रोसेसर एकत्र नांदतात. नाजूक घड्याळ ठेवायला ही सर्वात वाईट जागा.

त्यावर दोन वाटा निघाल्या. पहिली संगणकाला खोलीबाहेर काढण्याची. स्लिम डिव्हायसेस या अमेरिकी कंपनीने २००१ मध्ये स्लिम्पथ्री नावाची छोटी पेटी आणली आणि २००३ मध्ये स्क्वीझबॉक्स. संगीताचा साठा दुसऱ्या खोलीतल्या संगणकावर. नेटवर्कवरून येतात ती फक्त माहितीची पाकिटं, ती पेटी स्वतःकडे साठवते आणि स्वतःच्या घड्याळावर वाजवते. आजच्या बहुतेक सगळ्या स्ट्रीमरची, म्हणजे नेटवर्कवरून संगीत घेऊन वाजवणाऱ्या पेट्यांची, कल्पना हीच आहे. लॉजिटेकने २००६ मध्ये ही कंपनी घेतली आणि २०१२ मध्ये स्क्वीझबॉक्स बंद केला. पण सर्व्हरचा प्रोग्राम मुक्त होता, म्हणून वापरणाऱ्यांनीच तो जगवला. आता त्याचं नाव लिरिऑन आहे.

दुसरी वाट यूएसबीची. सुरुवातीला वेग संगणक ठरवायचा आणि डॅकला त्याच्यामागे धावावं लागायचं. वेव्हलेंग्थ ऑडिओच्या गॉर्डन रँकिन यांनी घरगुती हाय-एंडमध्ये, म्हणजे उंची ऑडिओ उपकरणांत, असिंक्रोनस यूएसबी रुजवलं, तेव्हा नातं उलटलं. आता डॅकमधलं घड्याळ मालक, आणि तेच संगणकाला सांगतं की एवढे नमुने पाठव. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वात महत्त्वाचं वळण हेच. ज्याचा डॅक हे नीट करतो, त्याने हजारो रुपयांच्या यूएसबी केबलपायी झोप घालवू नये.

मग मोठ्या कंपन्याही वळल्या. ग्लासगोची लिन खरं तर टर्नटेबलमुळे नावारूपाला आलेली. तिने २००७ मध्ये क्लायमॅक्स डीएस हा नेटवर्क प्लेअर काढला आणि २००९ मध्ये सीडी प्लेअर बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. टचस्क्रीनवर संग्रह चाळता येणारी सूलूस पद्धत मेरिडियन या ऑडिओ कंपनीने विकत घेतली, आणि सूलूसच्याच मंडळींनी २०१५ मध्ये रून हा संग्रह सांभाळणारा प्रोग्राम आणला. इकडे २०१२ मध्ये रास्पबेरी पाय हा छोटा, स्वस्त संगणक आला आणि सर्व्हरला वाजवणाऱ्या पेटीपासून वेगळं ठेवणं सामान्य खिशालाही परवडू लागलं. कपाटात सर्व्हर आणि डिस्क, ॲम्प्लिफायरपाशी तळहातावर मावेल एवढी, बिनपंख्याची पेटी. अशी जुळणी करणाऱ्याने उरलेल्या पैशांतून आधी दुसरी हार्ड डिस्क घ्यावी आणि तिच्यावरची प्रत दुसऱ्या घरी ठेवावी.

एक गोष्ट मात्र आपल्या संगीतासाठी अजून अर्धवट आहे. १९९६ मध्ये एमपी३ला नावं जोडणारी आयडी३ची खूणपट्टी आली, तेव्हा गाण्याला ३० अक्षरं, गायकाला ३०, अल्बमला ३०, आणि तीही रोमन. राग, ताल, तबल्यावर कोण, पेटीवर कोण, याला जागाच नव्हती. फ्लॅकमध्ये हवे तेवढे रकाने करता येतात. रकान्याचं नाव रोमनमध्येच लागतं, पण आतला मजकूर देवनागरीत लिहिता येतो. त्या भूपाच्या सीडीच्या कागदावर मागच्या बाजूला, बारीक अक्षरात, तानपुऱ्यावर बसलेल्या दोघींची नावं आहेत. इंटरनेटवरून आपोआप आलेल्या माहितीत ती नव्हती. मी ती हाताने भरली, आणि अजून दोनशेच्या वर सीडी बाकी आहेत.