वेल्डिंगनं कॉन्टॅक्ट लेन्स डोळ्याला चिकटत नाही

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे या औद्योगिक भागांतल्या शेडमध्ये नव्या पोराला अजूनही बजावतात: लेन्स घालून वेल्डिंगला बसू नकोस. आर्कच्या, म्हणजे वेल्डिंगच्या प्रखर विजेच्या झोताच्या, उष्णतेनं डोळ्यातलं पाणी आटतं, लेन्स चिकटते, काढताना बुबुळाचा पडदाच सोलून येतो. मोबाइलवरही हेच फिरतं. हे साफ खोटं आहे. डोळ्यातलं पाणी आटेल एवढी उष्णता असती, तर आधी तोंड भाजलं असतं.

डोळा भाजतो तो अतिनील किरणांनी, लेन्स असो वा नसो. लगेच काही कळत नाही. सहा ते बारा तासांनी, बहुधा मध्यरात्री, डोळ्यात वाळू ओतल्यासारखं होतं, पाणी थांबत नाही, दिवा सोसवत नाही. नुसता जॉब, म्हणजे जोडायचा तुकडा, धरून उभ्या राहिलेल्या हेल्परलाही हे होतं, आणि त्याला काळी काच कोणी देत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

अशा वेळी डोळ्यात अंगावरचं दूध घालू नका, जंतू जातात. सुन्न करणारे थेंब मेडिकलमधून आणून परत परत घालणं तर त्याहून वाईट, जखम भरतच नाही. सरळ डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

लेन्स म्हणजे संरक्षण नव्हे, हेही तितकंच खरं. वेल्ड झाल्यावर तोंडावरची काळी काच वर करून हातोडीनं स्लॅग, म्हणजे जोडावर जमलेली खपली, उडवताना तापलेली कपची थेट डोळ्यात येते. तेव्हा काळ्या काचेच्या आत साधा पारदर्शक गॉगल हवाच. कारखाना कायद्यात १९४८ पासून कलम ३५ डोळ्यांच्या संरक्षणासाठीच होतं. गॉगल मागायला लाजू नका.