लिहू न देणारी डिस्क

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका यंत्रमाग कारखान्यात सीसीटीव्हीचा जुना डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारी पेटी, बदलला, तेव्हा त्यातली एक टेराबाइटची हार्ड डिस्क मालकांनी आमच्या अभ्यासिकेला देऊन टाकली. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची चाळीसेक मुलं बसतात. व्याख्यानांचे व्हिडिओ प्रत्येकानं आपापल्या मोबाइलवर उतरवण्यापेक्षा एका जागी असावेत, एवढाच हेतू. डिस्कच्या खाचांत कापसाचे तंतू अडकले होते. ते ब्रशनं झाडले आणि बारा व्होल्टच्या वेगळ्या अडॅप्टरवर चालणाऱ्या केसमध्ये ती बसवली. साडेतीन इंची डिस्क नुसत्या यूएसबीच्या पाच व्होल्टवर फिरत नाही. ती ‘मेली’ असा शिक्का बसायला कधी कधी एवढंच कारण पुरतं. आमची फिरली. विंडोजच्या लॅपटॉपला जोडली आणि पडद्यावर पहिलीच सूचना आली: वापरण्याआधी डिस्क फॉरमॅट करा.

पुढच्या चार दिवसांत त्या एकाच डिस्कनं आम्हाला तीनदा नकार दिला आणि तिन्ही वेळा कारण वेगळं होतं. चांगल्या डिस्का भंगारात जातात त्या बऱ्याचदा ही कारणं एकमेकांत मिसळल्यामुळं, असं माझं मत आहे. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

डिस्कची तबकडी म्हणजे मोकळी जमीन. तिचे एकसारखे तुकडे पाडलेले असतात, प्रत्येक ५१२ बाइटचा किंवा अलीकडच्या डिस्कांत ४०९६ बाइटचा. यांना सेक्टर म्हणतात. एक टेराबाइटच्या डिस्कवर ५१२ बाइटचे सुमारे १९५ कोटी तुकडे होतात. कुठला तुकडा कुठल्या फाइलचा, हे जमिनीकडं बघून कळत नाही. त्याला दप्तर लागतं. गावात गट नंबर, क्षेत्र, कब्जेदाराचं नाव, पीक हे सगळं सातबाऱ्यावर सापडतं. तसंच फाइलचा आकार, तारीख, तिचे तुकडे कुठंकुठं पडलेत आणि तिचा मालक कोण, हे डिस्कच्या दप्तरात लिहिलेलं असतं. ते दप्तर मांडण्याची पद्धत म्हणजे फाइल सिस्टीम, आणि फॉरमॅट करणं म्हणजे नवं दप्तर उघडणं.

या पद्धती अनेक आहेत. फॅटचा जन्म १९७७ सालचा. एनटीएफएस १९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर आली. लिनक्स ही विंडोजसारखीच संगणक चालवणारी प्रणाली, तिची एक्सटी-फोर २००८ मध्ये पक्की झाली, अ‍ॅपलची एपीएफएस २०१७ मध्ये मॅकवर आली. डीव्हीआरचं काम या सगळ्यांपेक्षा निराळं: चोवीस तास लिहीत राहायचं आणि जागा भरली की सगळ्यात जुनं चित्रण पुसून त्यावरच लिहायचं. त्यामुळं अनेक डीव्हीआर आपली स्वतःची मांडणी वापरतात. ती विंडोजला वाचता येत नाही. पण वाचता न आलेलं दप्तर आणि नसलेलं दप्तर या दोन्हींसाठी सूचना एकच येते, ‘फॉरमॅट करा’. डिस्कवर घरातले लग्नाचे फोटो असतील आणि दप्तर फक्त वेगळ्या पद्धतीचं असेल, तरीही हीच सूचना. जुन्या डिस्कवर ती दिसली की ‘होय’ दाबण्याआधी ही डिस्क कुठल्या यंत्रातून आली आहे, हे विचारायलाच हवं.

आम्हाला आतलं काही नको होतं, तरी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटली. त्या डिस्कवर कारखान्यातल्या कामगारांचे चेहरे होते, त्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा होत्या. क्विक फॉरमॅट काही सेकंदांत होतो, कारण तो फक्त जुनं दप्तर बाजूला सारून नवं उघडतो. रानातलं पीक जागच्या जागी उभं राहतं. डेटा परत मिळवणारी साधनं तेच पीक गोळा करतात. म्हणून क्विक फॉरमॅटची खूण काढून पूर्ण फॉरमॅट लावला. विंडोज व्हिस्टापासून पुढं पूर्ण फॉरमॅटमध्ये डिस्कभर शून्यं लिहिली जातात. त्याला अडीच तास लागले. दुसऱ्याची वापरलेली डिस्क घेताना आणि आपली देताना, दोन्ही वेळा एवढा वेळ द्यावाच.

डिस्क आता एनटीएफएस झाली. लॅपटॉपवरून साठ-सत्तर जीबी व्याख्यानं भरली, झाकण बंद केलं, वायर काढली आणि अभ्यासिकेतल्या संगणकाला जोडली. तो लिनक्सवर चालतो. सगळे व्हिडिओ दिसले, चालले. नवी फाइल मात्र टाकता येईना. दुसरा नकार.

वाचता येणं आणि लिहिता येणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे सोलापूरकराला समजावून सांगायची गरज नसावी. इथं भवानी पेठेतल्या कितीतरी घरांत तेलुगू अस्खलित बोलतात, पण शाळा मराठीत झाल्यामुळं तेलुगूत दोन ओळी लिहायची वेळ आली तर हात थांबतो. मॅकचं एनटीएफएसशी नातं असंच आहे: वाचतो, पण जात्या लिहीत नाही. लिनक्सची गोष्ट वेगळी. नवी पेठेतला दुकानदार एका सकाळी मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी अशा चारही बोलींत गिऱ्हाईक करतो, तसा लिनक्स बहुतेक पद्धतींत लिहितोही. एनटीएफएसमध्ये भरवशानं लिहिण्याची सोय त्याला २००७ पासून आहे आणि २०२१ पासून ती थेट गाभ्यातच आली. मग अडलं कुठं?

अडलं आमच्या घाईमुळं. फाइल कॉपी झाली असं पडद्यावर दिसलं, तरी दप्तरातल्या शेवटच्या काही नोंदी अजून संगणकाच्या स्मृतीत असू शकतात. ‘सेफली रिमूव्ह’ केलं की त्या डिस्कवर उतरतात आणि दप्तर मिटतं. न मिटता डिस्क काढली, तर ‘काम अर्धवट आहे’ अशी खूण तिच्यावर राहते. विंडोज ८ पासून आलेल्या ‘फास्ट स्टार्टअप’मुळंही असंच होतं: शट डाउन केलं तरी यंत्र खरं तर अर्धवट झोपलेलं असतं आणि जोडलेल्या डिस्कांची दप्तरं त्याच्या आठवणीत उघडीच राहतात. अशा वेळी दुसऱ्यानं त्यात लिहिलं तर दोघांच्या नोंदी एकमेकांवर पडून सगळंच बिघडेल. म्हणून लिनक्स नुसतं वाचायला देतो आणि लिहू देत नाही. हा नकार डिस्कच्या भल्याचा आहे, तो जबरदस्तीनं मोडू नये. डिस्क परत लॅपटॉपला जोडली, तपासणी चालवली, रीस्टार्ट केलं आणि या वेळी रीतसर काढली. लिनक्सवर लगेच लिहिता आलं.

तेवढ्यावर थांबलो असतो तर चाललं असतं. पण डिस्क कायमची लिनक्सच्या संगणकालाच राहणार होती आणि आमच्याकडं उन्हाळ्यात लाईट कधी जाईल याचा नेम नसतो. एक्सटी-फोर दप्तरात कुठलाही बदल करण्याआधी त्याची टिपणवहीत नोंद करते. मधेच वीज गेली तर उठल्यावर ती वही वाचून दप्तर सावरते. ही सोय एनटीएफएसमध्येही आहे. पण दप्तरात खरोखर घोळ झाला, तर लिनक्सवर एक्सटी-फोरची दुरुस्ती लिनक्सच्याच साधनांनी होते, त्यासाठी विंडोजचा लॅपटॉप शोधत बसावं लागत नाही. व्याख्यानं तात्पुरती दुसरीकडं काढून डिस्क एक्सटी-फोर केली. दुसऱ्या दिवशी अभ्यासिका सांभाळणारा पोरगा धावत आला.

“काका, जागा तर भरपूर दाखवतंय, पण साधं फोल्डरसुद्धा करू देईना की ओ.”

पडद्यावर होतं, परवानगी नाकारली. तिसरा नकार, आणि माझ्या मते सगळ्यात समजून घेण्याजोगा.

एक्सटी-फोरच्या दप्तरात प्रत्येक फाइल आणि फोल्डरपुढं मालकाचा क्रमांक असतो. कोऱ्या डिस्कवर पहिलं फोल्डर रूटच्या, म्हणजे यंत्राच्या सर्वाधिकारी खात्याच्या नावावर लागतं. सोबत हक्क लिहिलेले असतात ७५५. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, फाइल चालवण्याचे किंवा फोल्डरात शिरण्याचे १. मालकाला ४, २ आणि १ मिळून ७. त्याच्या गटाला ५, बाकी सगळ्यांना ५, म्हणजे बघा, आत या, पण लिहू नका. आमचा पोरगा ‘बाकी सगळ्यां’मध्ये होता. डिस्क ठणठणीत होती, फक्त सातबाऱ्यावर त्याचं नाव नव्हतं.

यावर इंटरनेटवर सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे सगळ्यांना ७७७ देऊन टाका. मला तो पटत नाही. फाइल पुसण्याचा हक्क त्या फाइलवर लिहिलेला नसतो, ती ज्या फोल्डरात आहे त्याच्यावर असतो, कारण पुसणं म्हणजे फोल्डरच्या यादीतून नाव खोडणं. फोल्डर ७७७ केलं, तर चाळिसांपैकी कुणाच्याही हातून चुकून अख्खं इतिहासाचं फोल्डर उडू शकतं. आम्ही ‘चाउन’ हा मालक बदलण्याचा आदेश रूटच्या अधिकारात चालवून डिस्क त्या पोराच्या खात्यावर केली आणि ७५५ तसंच ठेवलं. आता तो भरतो, बाकीची मुलं बघतात.

दप्तरात मालकाचं नाव नसतं, नुसता क्रमांक असतो, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. उबुंटूसारख्या लिनक्सवर पहिलं खातं उघडणाऱ्याला १००० क्रमांक मिळतो. तुमच्या संगणकावर तुम्ही १०००, माझ्यावर मी १०००. तुमची डिस्क माझ्याकडं आली की तुमच्या सगळ्या फाइली आपोआप माझ्या दिसतात, जसा एका गावचा गट नंबर दुसऱ्या गावच्या रजिस्टरमध्ये शोधला तर भलत्याचंच नाव निघावं. विंडोजमध्ये उलट घडतं. तिथं प्रत्येक खात्याला लांबलचक, वेगळा क्रमांक मिळतो. जुन्या लॅपटॉपची डिस्क नव्याला जोडली, तर खात्याचं नाव तेच असूनही क्रमांक जुळत नाही आणि स्वतःच्याच फोटोंना ‘परवानगी नाही’ येतं. अ‍ॅडमिनच्या खात्यातून मालकी आपल्याकडं घेतली की फोल्डर उघडतं, फॉरमॅटची काहीच गरज नसते.

ज्या सहजतेनं मालकी घेता येते, त्यात धोकाही आहे. परवानगी ही तलाठ्यानं पाळायची नोंद आहे, शेताला घातलेलं कुंपण नव्हे. डिस्क काढून दुसऱ्या यंत्रात घातली की तिथला सर्वाधिकारी सगळं वाचू शकतो. खरं कुंपण हवं असेल तर डिस्क कूटबद्ध, म्हणजे पासवर्डशिवाय वाचताच येणार नाही अशी, करावी लागते.

टीव्ही, विंडोज, मॅक असं सगळीकडं फिरणाऱ्या डिस्कला मात्र एक्सफॅट बरी. तिच्यात मालक आणि हक्क या नोंदीच नसतात, त्यामुळं हा तिसरा नकार येतच नाही. टिपणवहीही नसते, म्हणून ती रीतसर काढण्याची सवय हवी. पेनड्राइव्हवर वीस जीबी मोकळे असूनही पाच जीबीचा व्हिडिओ जात नसेल, तर ती फॅट-३२ आहे असं समजावं. तिच्या दप्तरात फाइलच्या आकारासाठी ३२ बिटांचा रकाना आहे आणि त्यात ४,२९,४९,६७,२९५ पेक्षा मोठा आकडा मावत नाही. तेवढे बाइट म्हणजे चार जीबीला एक कमी.

आमच्या डिस्कचा चौथा नकार अजून आलेला नाही. तो आला तर तबकडीचा असेल, आणि त्यापुढं कुठलाही आदेश चालणार नाही. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. आमच्या डिस्कनं तीन वर्षं अखंड चालल्याचे २६ हजारांवर तास दाखवले, पण खराब म्हणून बदललेले सेक्टर शून्य. तो शून्याचा रकाना पोरगा दर महिन्याच्या एक तारखेला वहीत लिहितो, आणि व्याख्यानांची दुसरी प्रत माझ्या घरच्या डिस्कवर आहे.