पाळीव सशाचा पाला

पाळीव सशाला रोज थोडा ताजा पाला देतात, पण हा पाला त्याचं जेवण नाही, तोंडीलावणं आहे, आणि घराघरातले बहुतेक घोटाळे हे उलटं समजल्यामुळे होतात. सशाचा पोळी-भात म्हणजे वाळलेलं गवत. एकूण खाण्यात साधारण ८० ते ८५ टक्के तेच हवं आणि ते दिवसरात्र त्याच्या समोर पडलेलं हवं, मग उरलेल्या जागेत पालेभाजी, थोडे पेलेट (सशांसाठीचं दाबून केलेलं गोळ्यांचं तयार खाद्य) आणि कधीमधी फळाची एखादी फोड.

दुकानात मिळणारे पांढरे, राखाडी, लाल डोळ्यांचे ससे हे मूळचे स्पेन-पोर्तुगालकडच्या रानसशाचे वंशज. आपल्या शेतात दिसतो तो ससा वेगळा, त्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, तेव्हा बांधावर पिल्लू दिसलं म्हणून उचलून आणून कोथिंबीर घालत बसायचं नाही.

आधी पोटाचं सांगते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. सशाला उलटी करताच येत नाही, एकदा गिळलं की ते खालूनच बाहेर पडणार. गवताचे जाड तंतू आतडं हलतं ठेवतात आणि बारीक भाग सीकम नावाच्या मोठ्या पिशवीत जातो, तिथे जीवाणू तो आंबवतात आणि त्याच्या मऊ, चिकट, द्राक्षाच्या घोसासारख्या लेंड्या तयार होतात ज्या ससा खाली वाकून परत खातो. पहिल्यांदा बघणाऱ्याला शी वाटतं पण ते एकदम नॉर्मल आहे, त्यातून त्याला काही जीवनसत्त्वं मिळतात. गोड किंवा पिठूळ जास्त गेलं की त्या जीवाणूंचं सगळं बिघडतं, गॅस धरतो आणि आतडं थांबू शकतं. शिवाय दात जन्मभर वाढत असतात, पुढचे तर आठवड्याला साधारण २ मिलिमीटर, आणि ते झिजतात गवत रवंथल्यासारखं चावत बसल्याने, पालकाची मऊ पानं चावून नाही.

आता मंडईतलं. कोथिंबीर, पुदिना, शेपू, तुळस, मुळ्याचा पाला, गाजराचा पाला, लेट्यूस (पण आइसबर्ग नको, त्यात नुसतं पाणी) हे बिनधास्त आलटून पालटून द्या. मेथी चालते पण बेताने. पालक, लाल माठ, चाकवत यात ऑक्झलेट (जास्त झाला तर बाधणारा क्षार) भरपूर असतं म्हणून रोज नाही, आठवड्यातून एकदोनदा इतर पाल्यात मिसळून थोडं. कोबी आणि फ्लॉवरचा पाला भाजीवाले फुकट देतात आणि म्हणूनच तो जास्त घातला जातो, पण काही सशांना त्याने पोट फुगतं, तेव्हा एखादं पान देऊन बघायचं. कांदा, कांद्याची पात, लसूण, बटाटा, टोमॅटोचा पाला, अॅव्होकॅडो आणि अळू अजिबात नाही. अळूने आपला घसा खाजतो, त्याचं काय होईल विचार करा. भिजवलेले हरभरे, पोळीचा तुकडा, बिस्किट हे प्रेमाने देणारे खूप आहेत आणि ते सगळं पिठूळ खाणं आहे. आमच्याकडे पहिल्या सशाला आम्ही आठवडाभर कोथिंबीर आणि हरभरेच घातले, तो इतका सोकावला की गवताला तोंड लावेना आणि लेंड्या बारीक व्हायला लागल्या, मग हरभरे बंद करून महिनाभर गवताच्या मागे लागावं लागलं.

गाजराचं तर काय बोलावं. चित्रात ससा असला की हातात गाजर असतंच, पण ते कंदमूळ आहे आणि १०० ग्रॅममध्ये ४ ते ५ ग्रॅम साखर असते. बोटाच्या पेराएवढा तुकडा कधीतरी, बस. खरी मजा त्याच्या वरच्या पाल्यात आहे जो आपण भाजीवाल्याकडेच तोडून टाकायला सांगतो. फक्त एक घोळ करू नका, 'गाजरगवत' म्हणजे गाजराचा पाला नाही, ते पांढऱ्या बारीक फुलांचं काँग्रेस गवत आणि ते जनावरांना विषारी आहे. रस्त्याकडेचं गवत कापून आणता तेव्हा ते नेमकं त्यात मिसळलेलं असतं, म्हणून जुडी सोडून पसरून बघा.

देवळाबाहेर गायीसाठी हिरव्या चाऱ्याच्या पेंढ्या विकतात ना, तो बऱ्याचदा लसूणघास असतो. नावात लसूण असलं तरी लसणाशी संबंध नाही. त्यात प्रोटीन आणि कॅल्शियम भरपूर असल्याने साधारण सहा महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला ठीक, मोठ्याला जपून. दूर्वा मात्र उत्तम, गवतच ते. गणपतीत ढिगाने मिळतात, पण पूजेत वाहिलेल्या नको, त्यांना हळदकुंकू, अष्टगंध लागलेलं असतं. आणि मारुतीचा रुईचा हार किंवा कण्हेरीची फुलं चुकूनही खाली पडू देऊ नका, दोन्ही विषारी.

सुरुवात कशी करायची हे दुकानदार सहसा सांगत नाही, उलट महिन्याभराचं पिल्लू हातात देऊन "कोबी-गाजर घाला" म्हणतो. पिल्लाला ताजा पाला साधारण १२ आठवडे झाल्यावर, एका वेळी एकच प्रकार, पहिल्या दिवशी दोनतीन पानं आणि मग तीनचार दिवस लेंड्यांकडे लक्ष. चांगली लेंडी वाटाण्याएवढी, गोल, कोरडी असते, बोटांनी चुरगळली की आत नुसता गवताचा भुसा दिसतो. पातळ झालं किंवा पोट गुडगुडायला लागलं की तो पाला बंद. सवय झाल्यावर किलोभर वजनाला चेपून भरलेली एक वाटी पाला दिवसाला पुरतो, दोनतीन प्रकार मिसळून.

पाला आणल्यावर आधी सुतळी आणि रबर काढा, ससा रबर चावतो. भरपूर पाण्यात दोनतीनदा खळबळून धुवा, माती आणि वरवरची औषधं बरीच निघतात, सगळी नाही. फ्रिजमधला पाला बाहेर काढून थोडा वेळ राहू द्या. पिवळा पडलेला, बुळबुळीत, बुरशीचा वास येणारा पाला सरळ फेकायचा, "ससाच तर आहे" म्हणून त्याला द्यायचा नाही. पावसाळ्यात हीच काळजी वाळलेल्या गवताची, दमट झालं की आतून बुरशी धरते आणि वरून काही दिसत नाही. उन्हाळ्यात पाला निथळत ओला दिला तर चांगलंच, पाणी पोटात जातं.

दहाबारा तास काहीच खाल्लं नाही, लेंडी नाही, कोपऱ्यात गोळा होऊन बसलाय, दात करकर वाजतायत, तर उद्या बघू नाही, त्याच दिवशी सशाचं समजणारा डॉक्टर गाठायचा. लघवी लालसर दिसली तर मात्र आधी काल काय खाल्लं आठवा, बीट किंवा काही पाल्यांच्या रंगाने ती अशी होते आणि दोनेक दिवसात साफ होते, पण रक्ताचे ठिपके किंवा जोर लावणं दिसलं तर ते रंगाचं नाही. पांढरट दुधाळ लघवी थोडी असली तर चालते, जास्तीचं कॅल्शियम ससा असंच बाहेर टाकतो, ती घट्ट पेस्टसारखी यायला लागली की लसूणघास आणि पेलेट कमी करून डॉक्टरला दाखवायचं.