विंडोज ७ वरचा जुना पीसी : ठेवा, पण इंटरनेटपासून तोडा

विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला बंद झाले. तरी हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती, श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या फायली किंवा नव्या विंडोजसाठी ड्रायव्हर न मिळणारा स्कॅनर यापायी हे पीसी अजून कामात आहेत. ते टाकून द्यायची गरज नाही.

नुसतं ब्राउझर न उघडणं पुरत नाही. २०१७ चा वॉनाक्राय व्हायरस कोणी काही क्लिक न करताही नेटवर्कवरून एका पीसीतून दुसऱ्यात शिरत होता. म्हणून लॅनची केबल काढा आणि डिव्हाइस मॅनेजरमधून वायफाय बंद करा. बँक आणि जीएसटीचं काम दुसऱ्या पीसीवरच. रिटर्नची फाइल पेनड्राइव्हने तिकडे न्या. परत आणताना पेनड्राइव्ह तिथेच अँटिव्हायरसने तपासून घ्या. जुन्या पीसीवर ऑटोप्ले (पेनड्राइव्ह लावताच आपोआप उघडण्याची सोय) बंद ठेवा.

तारीख दर वेळी मागे जाते? मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला. सेल किरकोळ किमतीचा, पण काढण्यापूर्वी बायॉसमधल्या (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमधल्या) ‘साटा मोड’चा, म्हणजे डिस्क कशी जोडायची त्या सेटिंगचा, फोटो काढा. सेल काढला की सेटिंग मूळपदावर जातं. आयडीई आणि एएचसीआय हे त्यातले दोन मोड; आयडीईचं एएचसीआय (किंवा उलट) झालं, तर विंडोज सुरू होताना निळी स्क्रीन येते, कोडच्या शेवटी ७बी. लोकांना वाटतं हार्ड डिस्क गेली! फोटोत होता तो मोड परत लावा.

वेग हवा असेल तर हार्ड डिस्कऐवजी २४० जीबीची साटा एसएसडी (जास्त वेगवान डिस्क) बसवा. फरक लगेच जाणवतो. रॅमचं मात्र आधी तपासा : ३२ बिट विंडोज ७ ला ४ जीबीपेक्षा जास्त रॅम वापरताच येत नाही. ८ जीबी टाकली तर निम्मे पैसे वाया.

इंटरनेट हवंच असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम. प्रोसेसर ६४ बिट हवा, रॅम किमान २ जीबी, खरं तर ४. आधी पेनड्राइव्हवरून चालवून वायफाय आणि प्रिंटर चालतात का ते बघा. तोवर डिस्कला हात लागत नाही. टॅली मात्र मिंटवर थेट चालत नाही. श्रीलिपीच्या जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसतो, फाँट नसेल तर अक्षरांची खिचडी दिसते. तो आधीच युनिकोडमध्ये बदलून घ्या.

पीसी आमच्याकडे दुरुस्तीला आणण्यापूर्वी टॅलीच्या डेटा फोल्डरच्या दोन प्रती काढा, एक बाहेरच्या डिस्कवर. विंडोज नव्याने टाकायची असेल तर टॅलीचं लायसन्स आधी सरेंडर करा (त्या पीसीवरून सोडवून घ्या), नाहीतर ते पुन्हा चालू करताना अडतं.